भाऊजी शून्याच्या खाली जातात

जिन्याखालच्या खोलीत आमच्या जाऊबाई वाकून शिरतात आणि वाकूनच बाहेर येतात. मधल्या वेळात त्या ताठ बसलेल्या असतात, कारण खुर्ची ठेवली आहे तेवढ्याच जागी छत माणसाच्या मापाचं आहे. समोर जुना फुगीर टीव्ही आणि टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हटल्यावर आजकाल डोळ्यांसमोर जे येतं तसलं काही मात्र मनात आणू नका. हा नुसता पुस्तकाएवढा कीबोर्ड आहे, रबरी बटणांचा, आणि त्याचा सगळा जीव त्या बटणांच्या खालीच आहे. एके काळी लोक असले कॉम्प्युटर हौसेने घरी आणत, टीव्हीला जोडत आणि कॅसेटवरून त्यात प्रोग्राम भरत. कॅसेट लावली की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारख्या किंकाळ्या यायच्या. त्या किंकाळ्या म्हणजेच प्रोग्राम.

आमच्या घरात त्या अजून येतात. बहुतेक दुपारच्या चहाच्या सुमाराला.

जाऊबाई एका विमा कंपनीत डेटा एन्ट्रीला होत्या. वरच्या मजल्यावर प्रोग्राम लिहिणारी माणसं बसत. ती सी नावाच्या भाषेत लिहीत. जाऊबाई खालच्या मजल्यावर बसून त्यांच्या प्रोग्रामांना आकडे भरवत, लहान मुलाला भरवावं तसे, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. आपणही वरच्यासारखं काही लिहावं म्हणून त्यांनी सीचं एक पुस्तक घेतलं, येता-जाता बसमध्ये वाचून संपवलं. परदेशी जाणाऱ्या एका सहकारिणीने आपला रबरी कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. पुस्तक होतं, यंत्र होतं, पण मधला दुभाष्या नव्हता. माणसाने सीमध्ये लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा जो प्रोग्राम असतो त्याला कंपायलर म्हणतात, आणि तो त्या काळी विकत मिळायचा. किंमत ऐकून जाऊबाईंनी पुस्तक साड्यांच्या खाली ठेवलं. ते निवृत्त झाल्यावरच बाहेर आलं.

तोवर जग बदललं होतं. त्या यंत्रांसाठी हौशी लोकांनी तेव्हाच फुकट वाटलेले कंपायलर आता दुसऱ्या हौशी लोकांनी इंटरनेटवर गोळा करून ठेवले होते. असा एक संग्रह करणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. जाऊबाई त्यांना कधी भेटल्या नव्हत्या, पण फोनवर त्यांच्याशी अशा बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचा एखादा भाऊ जत्रेत हरवला होता तो हाच.

फुकटचे कंपायलर फुकट मिळालेल्या फर्निचरसारखे असतात. दिसायला शाबूत, पण प्रत्येकाचा एक पाय कुठेतरी राहिलेला. एकाला अपूर्णांकच माहीत नव्हते. एक फार हुशार होता, पण तो यंत्रात शिरला की बाकी काही मावत नसे. म्हणजे पाहुणे आत आणि घरचे अंगणात. एक कंपायलर कुठलीही चूक झाली की नुसतं ‘चूक’ असं लिहून गप्प बसायचा. कुठे चुकलं, काय चुकलं, काही नाही.

‘‘हा अगदी मामंजींसारखा आहे,’’ जाऊबाई मला म्हणाल्या आणि त्यांनी तो पुसून टाकला. मामंजींच्या बाबतीत ती सोय नव्हती.

शेवटी एक जरा बरा निघाला. त्यालाही एक खोड होतीच. प्रोग्राम चालू झाला की टीव्हीच्या तळाशी मुंग्यांची रांग निघाल्यासारखी चिन्हं उमटायला लागायची. जाऊबाई दोन दिवस त्या मुंग्यांकडे बघत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता उठून गेल्या. कंपायलर यंत्राच्या मेमरीत आपली कच्ची बेरीज-वजाबाकी वरून खाली रचत येत होता आणि टीव्हीवरचं चित्र ठेवायची जागा नेमकी तिथेच होती.

‘‘एकाच कपाटात तू वरून ताटं रचत आलीस आणि मी खालून डबे रचत गेले, तर कधीतरी माझ्या डब्यात तुझं ताट जाणारच ना गं?’’ त्या म्हणाल्या. मला कळलं. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल. मग त्यांनी ताटांना दुसरीकडे जागा करून दिली.

या सगळ्याकडे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, एका विशिष्ट नजरेने बघत. ती नजर खोलीच्या लांबी-रुंदीची होती. भाऊजी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. दुकानात गेले की आजही त्यांचा हात आधी रिकाम्या काट्यावर जातो, तो शून्यावर आहे की नाही बघायला. निवृत्तीनंतर त्यांनी एका दुकानात मसाजची खुर्ची पाहिली, तिच्यात बसून पाहिलं, आणि उठताना त्यांचा चेहरा असा झाला होता की दुकानदाराने त्यांना पाणी दिलं. ती खुर्ची घरात मावेल अशी एकच जागा होती. जिन्याखाली.

‘‘आणि आणली तरी त्यात बसणार कसा?’’ माझा नवरा म्हणाला. ‘‘दादा, तुझं डोकं छताला लागेल.’’ माझ्या नवऱ्याला घरात सगळे धाकटे म्हणतात. त्यांचे केस पांढरे झाले तरी.

‘‘त्या खुर्चीत आडवं होतात, धाकट्या,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘तुला काय कळणार.’’

तर अशी परिस्थिती असताना आमच्या भांडी घासणाऱ्या बाई काम सोडून मुलीकडे राहायला गेल्या. आमचं स्वयंपाकघर एकच, दोन्ही भावांचं मिळून. नवी बाई मिळेना. सकाळची आणि रात्रीची भांडी आम्ही दोघी जावा उरकत होतो, पण दुपारच्या जेवणाची भांडी डोंगराएवढी पडत. जाऊबाई एक दिवस जेवणाच्या टेबलावरच म्हणाल्या, ‘‘दुपारची भांडी चौघांनी पाळीपाळीने घासायची.’’

भाऊजींचा घास हातातच राहिला. ‘‘पाळी कोण ठरवणार? तू?’’

‘‘मी ठरवली तर म्हणाल, बायकांनी संगनमत केलं. यंत्र ठरवेल.’’

‘‘ते? ते चालतं तरी का?’’

‘‘चालवून दाखवते.’’

भाऊजींनी ताटातला शेवटचा घास शांतपणे संपवला. त्यांच्या डोक्यात खुर्ची फिरत होती हे आम्हाला समोरून दिसत होतं. ‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘महिनाअखेरच्या रविवारी भंगारवाला येतो. तोवर तुझ्या यंत्राने पाळ्या ठरवून घरात शांतता ठेवली, तर ते कायमचं राहील. एक जरी भांडण झालं, तर टीव्हीसकट हातगाडीवर. कबूल?’’

‘‘कबूल,’’ जाऊबाई म्हणाल्या. मला त्यांचा आवाज जरा पातळ वाटला. सबंध आयुष्य वरच्या मजल्याकडे बघून झाल्यावर त्यांना एक खोली मिळाली होती आणि तिथे वाकून जावं लागत असलं तरी ती त्यांची होती. ती त्यांनी ताट-वाट्यांवर पणाला लावली होती.

नियम साधे ठरले. ज्याने भांडी घासली त्याला एक गुण. ज्याची पाळी आली आणि त्याने टाळली, त्याचा एक गुण वजा आणि बदली घासणाऱ्याला तो गुण. शिवाय चहाचा कप न विसळता जिथे प्यायला तिथेच ठेवला, तर दर कपामागे एक गुण वजा. ही शेवटची सूचना माझी. ती करताना मी भाऊजींकडे अजिबात पाहिलं नाही. ज्याचे गुण सगळ्यात कमी, त्याचा नंबर यंत्राने टीव्हीवर दाखवायचा. गुण मात्र दाखवायचे नाहीत, कारण गुण दिसले की वाद आलेच. नंबर का, तर त्या यंत्राला आपल्या अक्षरांचा गंध नव्हता.

‘‘एक नंबर मी,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘घरात मोठा कोण आहे?’’

ते ऐकून जाऊबाई क्षणभर काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. का, ते पहिल्याच दिवशी कळणार होतं.

प्रोग्राम लिहून झाला. पण तो चालवायचा तर आधी कंपायलर यंत्रात भरायचा. जाऊबाईंनी त्याच्या किंकाळ्या फोनमध्ये उतरवून घेतल्या होत्या आणि फोनमधून वायरीने त्या यंत्राला ऐकवत. यात मेख अशी की मध्ये फोन वाजला की किंकाळी तुटते, यंत्र बावचळतं आणि सगळं पहिल्यापासून. हे भाऊजींच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जिन्याखाली मांजर ओरडायला लागलं की भाऊजी बाहेरच्या खोलीतून बायकोला फोन लावत.

‘‘अगं, माझा चष्मा बघितलास का?’’

‘‘नाकावर असेल!’’

‘‘हो की.’’

पुन्हा मांजर. पुन्हा फोन. ‘‘अगं, आज वार कोणता?’’

तिसऱ्यांदा फोन लागला नाही. भाऊजी स्वतः उठून जिन्यापाशी गेले. ‘‘फोन का उचलत नाहीस? आहेस कुठे?’’

‘‘विमानात,’’ आतून जाऊबाई म्हणाल्या. त्यांना फोनमधलं ते विमानाचं बटण सापडलं होतं.

पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही चौघं जिन्याखाली डोकी खुपसून उभे राहिलो. सगळ्यांचे गुण शून्य. जाऊबाईंनी बटण दाबलं. टीव्हीवर भला मोठा एक आला.

‘‘सगळे सारखे असले की रांगेत पहिला असतो त्याला तो धरतो,’’ जाऊबाई म्हणाल्या.

‘‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही मोठे आहात ना. मोठ्यांना मध्ये कसं टोकायचं?’’

भाऊजींनी बोट वर केलं. त्याला पट्टी बांधलेली होती. सकाळपर्यंत ते बोट ठणठणीत होतं. ‘‘कापलंय,’’ ते म्हणाले. ‘‘साबण लागला तर चिघळेल.’’ भांडी जाऊबाईंनी घासली, भाऊजींचा एक गुण वजा केला, स्वतःला एक दिला. घरात भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन, तीन, चार या नंबरांपैकी कोणीतरी. तिसऱ्या दिवशीही. मग कधी मी, कधी धाकटे, कधी जाऊबाई. भाऊजींचा नंबर येईना. आधी ते रोज जेवण झालं की कंबर धरून बसत, म्हणजे वेळ आलीच तर तयारी असावी. मग कंबर धरायचं त्यांनी सोडून दिलं. मग ते आपणहून जिन्याखाली वाकून निकाल बघायला लागले आणि बाहेर येऊन मोठ्याने जाहीर करायला लागले, ‘‘धाकट्या, तू!’’

चहाच्या कपांचीही त्यांची भीती गेली. सकाळचा कप खिडकीत, दुसरा वर्तमानपत्राखाली, तिसरा पायरीवर. एक तर चपलांच्या कपाटात मिळाला. जाऊबाई एकेक कप गोळा करत, न बोलता खोलीत जात आणि रबरी बटणं दाबत.

‘‘यंत्राला माणसाची पारख आहे,’’ भाऊजी म्हणत. ‘‘वय बघतं ते. मी कितीतरी तराजू बघितले, पण असला नाही.’’

धाकट्यांनी हे काही दिवस सहन केलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की दादा कप ठेवतो आणि सुटतो, तर मीही ठेवून बघतो. त्यांनी मुद्दाम आपला कप झाडाच्या कुंडीत ठेवला. दुपारी टीव्हीवर त्यांचा नंबर आला. दुसऱ्या दिवशी दोन कप ठेवले. पुन्हा त्यांचाच नंबर.

‘‘अरे, हा काय प्रकार आहे?’’ ते हात पुसत माझ्यावर ओरडले. ‘‘त्याने ठेवला तर सुटतो, मी ठेवला तर अडकतो! या यंत्राला मी बघून घेईन. रविवारी भंगारवाल्याला मीच हाक मारणार.’’

मी ते जसंच्या तसं जाऊबाईंच्या कानावर घातलं. धाकटे रागावले आहेत हे सांगायला गेले होते, पण जाऊबाईंनी तेवढंच ऐकलं नाही. हातातलं लाटणं त्यांनी ओट्यावर ठेवलं.

‘‘एकाने कप ठेवला तर सुटतो आणि दुसऱ्याने ठेवला तर अडकतो,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘तुझ्या नवऱ्याचे गुण शून्याच्या वर आहेत. आणि ह्यांचे...’’

त्या पिठाच्या हातांनीच गेल्या. मी मागोमाग. त्यांनी चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात यंत्राला एकच प्रश्न होता: उणे एक हा शून्यापेक्षा लहान आहे का?

यंत्र म्हणालं, नाही.

जाऊबाईंनी पुन्हा विचारलं. यंत्र ठाम होतं.

‘‘म्हणजे काय?’’ मी विचारलं.

‘‘अगं, तुझ्या जुन्या स्कूटरचा तो किलोमीटरचा आकडा आठवतो? सगळी शून्यं असताना तो एक घर मागे फिरवला तर काय दिसेल?’’

‘‘सगळे नऊ.’’

‘‘तसंच. याच्याकडे उण्याची वेगळी खूण नसते. शून्याच्या एक घर मागे गेलं की आत दिसतात पासष्ट हजार आणि वर काही. तो खरा पासष्ट हजार की खरा उणे एक, हे कंपायलरने ओळखायचं. आपला कंपायलर ओळखत नाही. ह्यांनी एकेक कप ठेवला की त्याला वाटतं, या माणसाने पासष्ट हजार वेळा भांडी घासली आहेत.’’

मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. जाऊबाईंनी लगेच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

‘‘मोठं उघडा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुम्हाला नाही हो, ताई. बोला.’’

जाऊबाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जरा वेळ विचार केला, पलीकडे कोणीतरी कण्हलं, आणि ते म्हणाले, ‘‘तुलना करायच्या तुकड्यात एक ओळ चुकलेली दिसते. कमाल आहे. इतकी वर्षं हा कंपायलर लोक वापरतायत, कोणाचीच तक्रार नाही.’’

‘‘कारण कोणाचा नवरा शून्याच्या खाली गेला नसेल,’’ जाऊबाई म्हणाल्या.

‘‘मी आजच सगळ्यांना कळवतो. तुम्ही ती ओळ बदलून...’’

‘‘बदलणार. पण रविवारनंतर.’’

‘‘का? एकच तर ओळ आहे.’’

‘‘डॉक्टर, पेशंट खुर्चीत नीट बसायच्या आधी तुम्ही त्याला चिमटा दाखवता का?’’

डॉक्टर हसले असावेत; पेशंट मात्र पुन्हा कण्हला.

मी फोन ठेवायची वाट बघत होते. ‘‘जाऊबाई, म्हणजे तोवर आम्ही घासत राहायची?’’

‘‘मीही घासतेच आहे. विचार कर. आज दुरुस्त केलं तर उद्या टीव्हीवर एक येईल. ह्यांचं बोट चिघळेल, कंबर धरेल, भांडण होईल, आणि रविवारी यंत्र हातगाडीवर जाईल. आणि नाही केलं, तर रविवारी यंत्राला हात लावू न देणारा माणूस कोण असेल?’’

‘‘पण हे तर भंगारवाल्याला हाक मारणार आहेत. ह्यांना सांगू का?’’

‘‘तुझ्या नवऱ्याच्या पोटात काय राहतं गं?’’

लग्न ठरल्यापासून धाकट्यांनी एकच गुपित ठेवलं आहे, आणि ते काय आहे हे त्यांना स्वतःलाच आठवत नाही.

रविवारपर्यंत माझे हात साबणाने सोलले. भाऊजी आता कप शोधावे लागू नयेत म्हणून एका ओळीत मांडून ठेवत.

भंगारवाला फाटकाशी आला तेव्हा धाकटे आधीच तिथे उभे होते. ‘‘या, या,’’ ते म्हणाले. ‘‘आत जिन्याखाली एक टीव्ही आहे आणि त्याला चिकटलेलं एक पाप आहे. दोन्ही उचला.’’

भंगारवाल्याने आत वाकून पाहिलं. ‘‘साहेब, हे चालू आहे की बंद?’’

‘‘चालू आहे!’’ भाऊजींचा आवाज वरच्या पायरीवरून आला. हातात कप होता. ‘‘चालू म्हणजे? या घरात नीट चालतं असं हेच एक आहे. खबरदार कोणी हात लावला तर!’’

‘‘दादा, तूच ठरवलं होतंस ना? भांडण झालं तर भंगारात. मी आता भांडण करतोय. हे बघ, करतोय!’’

‘‘हे भांडण नाही, ही कामचुकारपणाची कुरकुर आहे.’’

धाकट्यांचा चेहरा लाल झाला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न बघता असा एक सुस्कारा सोडला की मला तो खराच वाटला. ‘‘जाऊ दे हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घेऊन जाऊ द्या त्यांना. मलाही आता कंटाळा आलाय. तिथे तुमची खुर्ची तरी येईल.’’

आता भाऊजी ‘बरं’ म्हणाले तर? ते क्षणभर थांबलेही. खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोरून सावकाश गेली. मला ती जाताना दिसली. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथल्या भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मसाजच्या खुर्चीत बसायचं ते दमलेल्या माणसाने. जो दमतच नाही त्याला ती कशाला?

‘‘तुला कंटाळा आला म्हणून न्याय बंद करायचा?’’ ते गरजले. ‘‘मी आयुष्यभर खोटे तराजू पकडले. खरा तराजू घरात आला आणि तो भंगारात देऊ? हे यंत्र इथेच राहील, कायमचं. आणि त्याने सांगितलेलं सगळ्यांनी ऐकायचं. बदली माणूस चालणार नाही. बोट कापलं, कंबर दुखली, काही चालणार नाही. ताप असेल तर थर्मामीटर दाखवायचा. ऐकलंस, धाकट्या?’’

‘‘सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी?’’ जाऊबाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

‘‘सगळ्यांनी!’’

भंगारवाल्याला आम्ही बंद पडलेला मिक्सर दिला. तो जाताना धाकट्यांना म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या पापाचं काही ठरलं तर कळवा.’’

त्याच दुपारी जिन्याखाली पुष्कळ वेळ मांजर ओरडत होतं. भाऊजींनी फोन केला नाही. उलट बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बारीक करून आम्हाला म्हणाले, ‘‘तिला काम करू द्या.’’

सोमवारी जेवणं झाल्यावर भाऊजी नेहमीप्रमाणे निकाल जाहीर करायला वाकले. वाकलेलेच राहिले.

‘‘काय आलं, दादा?’’ धाकट्यांनी विचारलं. त्यांना मी सकाळी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते उशीत तोंड घालून हसत होते.

‘‘बिघडलंय,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘पुन्हा दाब.’’

जाऊबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा एक.

‘‘बोट...’’ भाऊजींनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. थर्मामीटर धाकट्यांनी खिशातच आणला होता.

भाऊजींनी भांडी घासली. घासली म्हणजे प्रत्येक भांड्याची तपासणी केली, साबण लावला, पुन्हा तपासणी केली. चार वाजता ते मोरीतून बाहेर आले. मंगळवारी पुन्हा एक आला.

‘‘काल तर मी घासली!’’

‘‘हो, एक गुण वाढला.’’

‘‘मग आज मी कसा?’’

‘‘अजून शून्याच्या खालीच आहात.’’

‘‘किती खाली?’’

‘‘किती कप प्यायलात ते आठवा.’’

बुधवारी पातेलं घासता घासता भाऊजींचा हात थांबला. निरीक्षक जागा झाला असावा. ते फेसाळ हातांनी जिन्याशी आले. ‘‘ऐक. रविवारपर्यंत मी शून्याखालीच होतो ना? मग तेव्हा माझा नंबर का येत नव्हता?’’

जाऊबाईंनी काही लपवलं नाही. उणे एक, पासष्ट हजार, स्कूटरचा आकडा, सगळं सांगितलं. भाऊजी हातातून फेस गळू देत ऐकत राहिले.

‘‘हे तुला कधी कळलं?’’

‘‘रविवारच्या आधी.’’

‘‘आणि मी रविवारी सगळ्यांसमोर जे बोललो...’’

‘‘ते अगदी बरोबर बोललात. मला तर फार आवडलं.’’

त्या दिवशी संध्याकाळचा चहा भाऊजींनी खिडकीशी उभं राहून घेतला, कप विसळला आणि जागेवर ठेवला. मग स्वतःशीच म्हणाले, ‘‘सगळे काटे शून्यावर तपासले. शून्याच्या खाली कधी बघितलंच नाही.’’ आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुढे म्हणाले, ‘‘एक चूक सापडली म्हणजे आणखी असणारच. मी सोडणार नाही.’’

तेव्हापासून जाऊबाईंचं सीचं पुस्तक भाऊजींच्या उशाशी असतं. दुपारची भांडी झाली की ते जिन्याखाली शिरतात आणि यंत्राला आडवेतिडवे प्रश्न विचारतात. उणे एक उणे दोनपेक्षा मोठा का? मोठ्यात मोठ्या आकड्यात एक मिळवला तर काय? त्यांना प्रोग्राममध्ये अशी एखादी चूक काढायची आहे की जिच्यामुळे आपले सगळे कप रद्द व्हावेत. दातांच्या डॉक्टरांशी त्यांचीही ओळख झाली आहे. ‘‘डॉक्टर, याचा भागाकार मला संशयास्पद वाटतो,’’ असं काहीतरी ते फोनवर सांगत असतात. खोलीतली खुर्ची आता दोघांना पुरत नाही, म्हणून जाऊबाईंना वेळ ठरवून द्यावी लागली आहे. मसाजच्या खुर्चीचं नाव कोणी काढत नाही.

परवा जाऊबाई आणि मी स्वयंपाकघरात होतो. मोरीत दुपारची भांडी तशीच पडलेली होती. जिन्याखाली मांजर ओरडत होतं. भाऊजी पहिल्यांदाच स्वतःच्या फोनवरून कंपायलर भरत होते. जाऊबाईंनी हात पदराला पुसले, फोन उचलला आणि नंबर लावला.

‘‘अहो,’’ त्या गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘आज वार कोणता?’’

आधी किंकाळी मध्येच तुटल्याचं ऐकू आलं, मग छताला डोकं आपटल्याचं. आणि जरा वेळाने, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, भाऊजींचा विनवणीचा आवाज:

‘‘अगं, ते विमानात कसं बसायचं, तेवढं सांग ना.’’